अण्णांची पोच

आमच्या अण्णांनी उभी नोकरी जिल्हा परिषदेच्या आवक-जावक शाखेत काढली. आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, हा बाणा निवृत्तीनंतर त्यांनी ईमेलला लावलाय. त्यामुळे जुलैत आयकराची विवरणपत्रं भरायची धांदल सुरू झाली की भामट्यांना सुगी आणि मला धाप.

"अगं, आयकरवाल्यांचं पत्र आलंय. रिफंड मंजूर! चोवीस तासांत लिंक उघडायचीय."

"अण्णा, कशालाही हात लावू नका!"

"हात कुठे लावतोय? नुसती पोच देतोय."

वर ठसठशीत 'आयकर विभाग'. त्या नावावर टिचकी मारली, तर खाली कुणाचा तरी जीमेलचा पत्ता. पूर्वी असल्या मेलची भाषा मोडकीतोडकी असायची, तेवढ्यावर चोर सापडायचा. आता मजकूर यंत्राकडून लिहून घेत असावेत, कारण ऱ्हस्व-दीर्घ अण्णांच्या टिपणीपेक्षा शुद्ध. शिवाय 'आदरणीय करदाते, विलंबाबद्दल दिलगीर आहोत.' अण्णा गहिवरलेच. जन्मभर सरकारी कागद हाताळलेल्या माणसाला दिलगिरी वाचून संशय येऊ नये? खरा रिफंड मुकाट्याने येतो, आपण आधी पडताळून ठेवलेल्या बँक खात्यात. त्याला कार्डाचा नंबर लागत नाही, ओटीपी तर नाहीच नाही.

लिंकवर बोट दाबून धरलं, तेव्हा पूर्ण पत्ता दिसला: इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड-अमुक डॉट टॉप.

"आहे की गव्ह डॉट इन!"

"अण्णा, आडनाव शेवटी असतं. सुरुवातीच्या 'https://' मधल्या जोड रेघा सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या अलीकडे बघा. हे पोर 'रिफंड-अमुक डॉट टॉप' घराण्यातलं. गव्ह डॉट इन नुसतं पुढे चिकटवलंय."

हे मात्र त्यांना जे पटलं, ते फारच पटलं. तेव्हापासून ते आल्या मेलचं कुळ काढतात. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हे एकच आडनाव घ्यायला लावलं. आमच्या बँकेचा अस्सल मेल त्या नव्या पत्त्यावरून आला, तर अण्णा म्हणाले, "आडनाव बदललंय! फरार दिसतोय," आणि थेट १९३० फिरवायला निघाले.

"अहो अण्णा, तो नंबर ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर लगेच लावायचा. आपले कुठे गेलेत?"

अण्णा फोन हातात धरून विचारात पडले.

"मग थोडे जाऊ देऊ का?"