घुमटाखाली किती खाण मावते?

खनिजाच्या ढिगांवर मोठे घुमट बांधले की खाणींमुळे होणारे प्रदूषण संपेल, अशा आशयाचा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यात मुख्यतः चार विधाने आहेत. घुमटामुळे धूळ थांबते, माणसांचे आरोग्य सुरक्षित राहते, पावसाचे पाणी खनिजाला लागत नसल्याने नदीनाले स्वच्छ राहतात, आणि हे सारे होत नाही ते केवळ खाणचालकांच्या कंजूषपणामुळे. यांतील एकही विधान निखालस खोटे नाही. प्रत्येकात थोडे तथ्य आहे आणि त्या तथ्यावर पेलणार नाही इतका भार टाकलेला आहे.

पहिले विधान धुळीचे. चिलीतील तांब्याच्या खाणींत भरड खनिजाच्या ढिगांवर घुमट उभारले गेले आहेत, सिमेंट कारखान्यांत चुनखडी आणि क्लिंकर (भट्टीतून निघालेले, सिमेंटसाठी पुढे दळायचे खडे) घुमटाखाली ठेवण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे, आणि वाऱ्याने ढिगावरून उडणारी धूळ त्यामुळे अडते, याविषयी वाद नाही. प्रश्न असा की ढिगावरून वाऱ्याने उडणारी धूळ ही एकूण धुळीचा कितवा हिस्सा? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या उत्सर्जनविषयक मार्गदर्शिकेत साठ्याच्या धुळीची चार कारणे दिली आहेत: माल ढिगावर ओतणे, ढिगाभोवती यंत्रांची ये-जा, वाऱ्याने होणारी धूप आणि माल पुन्हा उचलणे. म्हणजे चारांपैकी तीन कारणे हालचालीची आहेत. त्याच मार्गदर्शिकेनुसार धूप सुरू होण्यासाठी जमिनीपासून सात मीटर उंचीवर वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटरच्या वर जावा लागतो, आणि ती सुरू झाली तरी पृष्ठभागावरचे सुटे कण काही मिनिटांतच उडून गेल्याने तिचा जोर झपाट्याने ओसरतो. ढीग पुन्हा हलवला की नवे कण वर येतात.

शिवाय हा सगळा हिशेब फक्त ढिगापुरता झाला. बहुतेक उघड्या खाणींत धुळीचा सर्वांत मोठा वाटा कच्च्या रस्त्यांचा असतो. शेकडो टन माल घेऊन डंपर गेला की त्याची चाके रस्त्यावरचा खडा दळून पीठ करतात आणि मागून येणारा डंपर ते पीठ हवेत उडवतो. सुरुंग, ड्रिलिंग, क्रशर हे आणखी वेगळे. घुमट यांपैकी कशावरही बसत नाही.

आरोग्याविषयीचे दुसरे विधान वस्तीपुरते बऱ्याच अंशी खरे आहे. आत काम करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र ते उलटण्याची शक्यता असते. कन्व्हेअरच्या टोकावरून तीस-चाळीस मीटर खाली कोसळणारी खनिजाची धार आपल्याबरोबर हवा ओढून आणते, ढिगावर आदळताच ती हवा बारीक भुकटीसह बाजूला फुटते, आणि उघड्यावर जी विरून गेली असती ती भुकटी इथे भिंतीवरून परत फिरते. छताच्या झरोक्यातून येणारा उन्हाचा पट्टा आत भरीव दिसतो आणि कठड्यावरून बोट फिरवले तर रेघ उमटते. खनिजात क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, असेल तर या भुकटीत स्फटिकी सिलिका असते, जिला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. म्हणून घुमटात वायुवीजन, धूळ शोषणारी यंत्रणा आणि मालावर पाण्याचे फवारे लागतातच; ते नसलेला घुमट म्हणजे धुळीची कोठी.

कोळशाचे प्रकरण याहून नाजूक आहे. धुळीचा स्फोट होण्यासाठी जळणारी धूळ, प्राणवायू, ठिणगी, धुळीचे हवेत पसरणे आणि बंदिस्त जागा अशा पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात, आणि त्यांपैकी पाचवी घुमट स्वतःच पुरवतो. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधील कुरिएर येथे कोळशाच्या धुळीच्या स्फोटात १,०९९ माणसे मेली. ती भूमिगत खाण होती, घुमट नव्हता; पण बंदिस्त जागेत कोळशाची धूळ काय करू शकते, हे त्या घटनेने दाखवले. कोळसा झाकल्याने त्याचे आपोआप तापणेही थांबत नाही, कारण त्यासाठी ढिगाच्या पोटात शिरणारी हवा पुरते. कोळशावर घुमट बांधूच नये असे मी म्हणत नाही; कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि तापमान यांवर अखंड नजर ठेवण्याच्या व्यवस्थेशिवाय तो बांधू नये, एवढेच म्हणतो.

आता पाणी. माझ्या मते फिरणाऱ्या मजकुराची सर्वांत मोठी चूक इथे आहे, आणि ती साध्या अंकगणिताने दिसते. शंभर मीटर व्यासाच्या शंक्वाकृती ढिगात सुमारे एक लाख घनमीटर, म्हणजे दोन लाख टनांच्या आतबाहेर खनिज मावते. दिवसाला एक लाख टन खनिज दळणाऱ्या कारखान्याची ही दोन दिवसांची बेगमी. खनिजात तांबे अर्धा टक्का असेल, तर त्याचा कणही वाया न घालवता काढला तरी एका टनामागे दोनशे टन खनिज दळावे लागते आणि त्यातले १९९ टन टाकाऊ म्हणून बाहेर पडते. असा कारखाना वर्षभरात जो गाळ, म्हणजे टेलिंग्ज, मागे ठेवतो तो घुमटाखालच्या साठ्याच्या सुमारे एकशे ऐंशी पट भरतो, आणि खनिजापर्यंत पोचण्यासाठी उपसलेला निरुपयोगी दगड त्याहून निराळा.

पायराइटसारखे गंधकयुक्त खनिज, हवा आणि पाणी एकत्र आले की गंधकाम्ल तयार होते व ते दगडातील धातू विरघळवून घेते. ही क्रिया घुमटाखालच्या दोन दिवसांच्या साठ्यात फारशी होत नाही. ती दगडाच्या टेकड्यांत, गाळाच्या तलावांत आणि खुद्द खड्ड्यात वर्षानुवर्षे चालते. अमेरिकेतील मोंटाना राज्यात ब्यूट येथील बर्कली खड्ड्याचे उपसापंप १९८२ मध्ये बंद झाल्यावर तो अशाच आम्लधर्मी पाण्याने भरत गेला आणि १९९५ मध्ये त्यावर उतरलेले ३४२ हिमहंस मरून पडले. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी लोहखनिजाच्या गाळाचा बांध फुटून २७० जणांचा बळी गेला. या दोन्ही ठिकाणी ढिगावर घुमट असता, तरी काय फरक पडला असता?

राहिला कंजूषपणा. तो कुठेच नसतो असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण माल पडण्याची उंची कमी करणे, फवारे, पृष्ठभागावर पापुद्रा धरवणारी रसायने, वारा अडवणाऱ्या सच्छिद्र जाळ्या आणि रस्त्यांवर नियमित पाणी हे उपाय घुमटाहून स्वस्त असून अनेक ठिकाणी त्याच पैशात अधिक धूळ बसवतात. जिथे वारा जोराचा, पाणी दुर्मीळ, वस्ती जवळ आणि माल शिशाच्या सांद्रासारखा (दळलेल्या खनिजातून वेगळ्या काढलेल्या, शिशाने भरलेल्या भुकटीसारखा) बारीक व विषारी आहे, तिथे मात्र साठा बंदिस्तच हवा, आणि अशा जागी खर्चाची सबब सांगणाऱ्या चालकावर या मजकुराने केलेला आरोप मला मान्य आहे.