नोकरी सोडण्याचं कारण: लग्न

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, राजीनामा दिलाय. पीएफ काढायचाय, कुठला फॉर्म भरू?" मे महिन्यात तिचं लग्न आहे, सासर कोल्हापूरचं. ती बोलत होती आणि मला माझा २००३ सालचा फॉर्म दिसायला लागला. नोकरी सोडण्याचं कारण या रकान्यात मी छान वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'लग्न'.

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी सात वर्षं अकाउंट्सला होते. तेव्हा नोकरी सुटल्यावर पीएफ काढायला बाकीच्यांना दोन महिने थांबावं लागायचं. लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या बाईला ही अट नव्हती. खरंच, पीएफच्या स्कीममध्येच तसं लिहिलेलं होतं. मला बाई त्याचं कौतुकच वाटलं, सरकारने आहेर केल्यासारखं. पीएफ आला, वर पेन्शनचे म्हणून वीस-एकवीस हजार आले. पाटल्या केल्या. त्या पुढे दोनदा गहाण पडल्या आणि शेवटी मोडल्या, ते जाऊ दे.

पेन्शनचे पैसे उचलले की ती सात वर्षं पुसली जातात, हे कुणी सांगितलं नाही. ईपीएस-९५, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन योजना, तिच्या पेन्शनला किमान १० वर्षं लागतात (साडेनऊ भरली तरी दहा धरतात). त्याआधी नोकरी सुटली तर १०-सी फॉर्मवर दोन वाटा असतात: पैसे घ्या, नाहीतर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या वर्षांचा दाखला घ्या. सर्टिफिकेट घेतलं असतं तर मधल्या खंडानंतरही जुनी वर्षं नव्या नोकरीला जोडता आली असती. मला विचारलं असतं तरी मी कदाचित पैसेच घेतले असते. पण विचारलं तर असतं!

मग दोन मुलं, सासूबाईंचा पॅरालिसिस. तेरा वर्षं गेली. २०१६ ला पुन्हा नोकरी धरली, बेसिक १८ हजार. पासबुक उघडलं तर पेन्शनच्या रकान्यात शून्य. पुढच्या महिन्यात शून्य. मला वाटलं ऑफिसची चूक, जाऊन भांडलेसुद्धा. चूक नव्हती. १ सप्टेंबर २०१४ पासून नव्याने लागणाऱ्याचा पगार १५ हजारांवर असेल तर त्याला पेन्शन योजनेत घेतच नाहीत. जुनी सभासद असते तर चाललं असतं. पण पैसे उचलल्यामुळे मी नवी! १९९६ पासून कापून घेतलेली बाई २०१६ ला नवी.

मालकाचा सगळा हिस्सा माझ्या पीएफमध्ये जातो, म्हणजे पैसे बुडाले नाहीत, हे मान्य. पण पीएफ म्हणजे एकरकमी पैसा. तो घरात कुणाच्या फीला, कुणाच्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटला जातो, हे तुम्हीच सांगा मला.

कुणी म्हणेल, त्या पेन्शनीत आहे काय? हिशेब साधा आहे, पगार गुणिले वर्षं भागिले ७०. १५ हजार आणि २० वर्षं धरली तरी ४,७१४ रुपये (वीस भरली की दोन वर्षं वाढवून धरतात). पण ते स्वतःच्या नावावर, दर महिन्याला, कुणाकडे न मागता. नाहीतर आमच्या वाट्याला येते ती विधवा पेन्शन, नवऱ्याच्या निम्मी आणि तीही तो गेल्यावर.

आमच्या पॅकिंगमधल्या एका बाईंचं तर याहून अवघड. माहेरच्या नावाने सहा वर्षं, सासरच्या नावाने पावणेचार. जोडली की दहा धरतील. पण जुन्या खात्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं सगळं. दुरुस्तीच्या जॉइंट डिक्लरेशनवर, म्हणजे दोघांच्या सहीच्या अर्जावर, मालकाची सही हवी, आणि तो कारखाना बंद पडून जमाना झाला. तीन रजा खर्ची घालून लग्नाचा दाखला, नावबदलाचं गॅझेट गोळा करत फिरताहेत. आपल्याकडे लग्नात बाईचं मधलं नावही बदलतं, आडनावही. पुरुषाचा पीएफ नंबर कंपनी बदलली की हलतो, बाईचा घर बदललं की.

माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिकडेही थोडीतरी सरकारी पेन्शन मिळायला १० वर्षं लागतात, पूर्ण मिळायला ३५. पण मूल १२ वर्षांचं होईपर्यंत चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, ज्या आईच्या नावावर, तिची ती वर्षं भरल्यासारखी धरतात. घोळ तिथेही झालेत. मे २००० च्या आधी ज्यांच्या भत्त्याच्या फॉर्मवर नॅशनल इन्शुरन्स नंबर (पेन्शनची वर्षं ज्यावर नोंदतात तो) नव्हता, अशा कितीतरी बायकांची वर्षं नोंदीतून गळली आणि २०२३ पासून पत्रं पाठवून त्यांची शोधाशोध करावी लागली. पण मूल वाढवणं हे काम म्हणून धरलं तर आहे. आपल्याकडे माझी तेरा वर्षं म्हणजे नुसती कोरी जागा. सगळी द्या असं मी म्हणत नाही, मुलामागे दोन-तीन वर्षं तरी धरा की!

भाचीची चार वर्षं झालीत. काल रात्री तिने १०-सीचा स्क्रीनशॉट पाठवला. "मावशी, दोन पर्याय दिसताहेत. आई म्हणते पैसे घे, लग्नाचा खर्च आहे."

मी तिच्या आईला फोन लावलाय. ताई उचलत नाहीये.