व्हिसा नाकारल्यावर अपील : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. व्हिसा नाकारला तर सहसा अपिलात अडकण्यापेक्षा नीट कागद लावून नवा अर्ज करा, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर 'अपील हा माणसाचा हक्क असताना तुम्ही लोकांना घाबरवून पुन्हा फी भरायला लावता, एजंटांशी साटंलोटं दिसतंय,' असं तुम्ही लिहिलंत. मतभेद चालतील, पण साटंलोटं? कोल्हापुरात इतकी वर्षं लोकांचे नकाराचे कागद वाचून देतोय, कुणाकडून एक रुपया घेतलेला नाही. असं बोलण्याआधी चार माणसांना विचारायचं होतं. त्या लेखाचं शीर्षक भडक होतं, एवढं मान्य.

आता हक्काचं. कुठल्या देशातला हक्क? ब्रिटनने नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांचं अपील २५ जून २०१३ पासूनच्या अर्जांना बंद केलं. मानवी हक्कांचा मुद्दा नसेल तर उरतं न्यायालयीन पुनर्विलोकन, म्हणजे निर्णय कायद्याला धरून झाला का एवढंच कोर्टाने तपासणं, तेही तीन महिन्यांच्या आत. अमेरिकेत कलम २१४(ब)खाली, म्हणजे माणूस मायदेशी परतेल याची खात्री पटली नाही म्हणून नाकारलं, तर अपीलच नाही. जर्मन वकिलातीकडे पत्राने फेरविचार मागता यायचा, ती सोय १ जुलै २०२५ पासून गेली. आता महिन्याभरात बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावायचा.

फ्रान्समध्ये तीस दिवसांत नांत शहरातल्या सरकारी कार्यालयाकडे फेरविचाराचा अर्ज करायचा, फ्रेंच भाषेत. दोन महिने उत्तर आलं नाही की तोच नकार धरतात आणि तिथून कोर्टाची मुदत सुरू होते. लोक पत्राची वाट बघत बसतात अन् मुदत निघून जाते. उलट शेंगेनच्या, म्हणजे जर्मनी-फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या, नव्या अर्जाचा निकाल साधारण १५ दिवसांत, लांबला तर ४५ दिवसांत लागतो. फी ९० युरो. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईने बर्लिनच्या निकालाची वाट बघायची का, सांगा.

मात्र तोच अर्ज तसाच परत टाकू नका. आपल्याकडे ऊसबिल एकरकमी खात्यात येतं आणि अधिकाऱ्याला पैसा कुठून आला ते कळत नाही. कारखान्याची बिलाची पावती, सातबारा, आठ-अ आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर लावा. आधीचा नकार लपवू नका. ब्रिटनमध्ये ती फसवणूक ठरली तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते.

नकारात 'कागदपत्रं खोटी' असा शेरा असेल, तर मात्र वेळ लागला तरी जिथे सोय आहे तिथे अपील कराच. तो शेरा नोंदीत राहतो.

तुमच्या बाकीच्या वाक्यांना उत्तर देण्याची गरज वाटत नाही. नकाराचा कागद हातात असेल तर तो मिळाल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा. जर्मनी-फ्रान्समधली पहिली मुदत तिथूनच मोजतात.