‘आधी टाकी उतरवून बघा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दोन ओळींत आटोपणार होतो, पण रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी : माझ्या २००३ च्या सिल्व्हराडो पिकअप ट्रकला लिफ्ट पंप (टाकीतलं डिझेल इंजिनाकडे ढकलणारा पंप) बसवला, त्यावर मी लिहिलं होतं. तिच्या एलबी-७ ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाला कंपनीने हा पंप दिलेलाच नाही. इंजिनावरचा उच्च दाबाचा सीपी-३ पंप पार मागच्या टाकीतून डिझेल स्वतःच ओढतो. बाहेरून पंप लावायचा तर डिझेल उचलायचं कुठून? कंपनीचीच नळी वापरा, टाकीला वरून भोक पाडून जाड नळी, म्हणजे स्ट्रॉ, सोडा, नाहीतर तळाला भोक पाडून संप (खालून बसवायचं खोलगट भांडं) बसवा. मी स्ट्रॉची बाजू घेतली. त्यावरच्या प्रतिक्रियेत आपलं म्हणणं असं, की स्ट्रॉवाली गाडी पाव टाकीला एअर घेते (डिझेलऐवजी हवा ओढते) हे मी लपवलं, संपाला पाणी काढायचा ड्रेन असतो हे गाळलं, आणि भोक पाडताना टाकीत पडणाऱ्या किसाबद्दल चकार शब्द नाही. शेवटी : ‘आधी स्वतः टाकी उतरवून बघा, मग लोकांना शिकवा.’

किसाचं मान्य. होल सॉला ग्रीस फासलं की बराचसा कीस त्यालाच चिकटतो. लेखात भर घातली आहे. चूक कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही.

पण ते शेवटचं वाक्य! मुद्दा मांडा, जरूर मांडा. ही भाषा कुठली? तीही टोपणनावाआडून?

माझ्या वडिलांचं इस्लामपूरला ट्रॅक्टरचं गॅरेज होतं. सातवीत होतो तेव्हापासून एअर काढतोय. फिल्टरवरचा बोल्ट सैल करायचा, हँड प्रायमर मारत राहायचा, बुडबुडे थांबून सलग धार लागली की बोल्ट आवळायचा. शर्टाला डिझेलचा वास येतो म्हणून बाई मला खिडकीशी बसवायच्या. आणि मला विचारता, टाकी उतरवली का?

नाही उतरवली. कारण गरजच पडली नाही. बेडचे, म्हणजे मागच्या हौद्याचे, बोल्ट काढले, चार मित्र बोलावले, बेड उचलून मागे सरकवला. टाकीचा माथा समोर उघडा. डिझेल गॅलनला तीन किलोच्या वर भरतं. अर्धी भरलेली टाकी छातीवर घेऊन गाडीखाली झोपणं म्हणजे अनुभव नव्हे. ज्यांना त्यात पराक्रम वाटतो त्यांनी खुशाल झोपावं.

पाव टाकीचं म्हणाल तर मला माहीत आहे. टाकीतल्या कंपनीच्या नळीभोवती बहुधा वाटीसारखं भांडं असतं, चढाला डिझेल मागे पळालं तरी नळीचं तोंड बुडालेलं राहतं. स्ट्रॉ त्या भांड्याबाहेर. हे पुढच्या लेखात येणारच होतं. माझी गाडी एकदाच थांबली, कोलोरॅडोतल्या आय-७० महामार्गावर, डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याच्या अलीकडच्या चढाला, मागे ट्रेलर. काटा पावावर नव्हताच, किंचित खाली होता. कॅनमधलं पाच गॅलन ओतलं, लिफ्ट पंपाने आपली आपण एअर काढली, निघालो. याला ‘बंद पडणं’ म्हणत नाहीत. (बायको म्हणते. तो वेगळा विषय.) आता मी पावाच्या खाली जातच नाही, त्यामुळे प्रश्नच मिटला.

ड्रेन असतो, बरोबर. कोलोरॅडोच्या जानेवारीत, आतलं पाणी गोठलेलं असताना तो उघडून दाखवा, मग बोलू. वरचं भोक गळून गळून किती गळणार? तळाचं पॅकिंग गेलं तर अख्खी टाकी रस्त्यावर.

बाकीच्या मुद्द्यांत दम नाही, म्हणून सोडून देतो.

पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा. आणि तुमच्या संपाचा फोटो टाका, खालून काढलेला, खडे लागतात त्या बाजूने. ड्रेनच्या बोल्टखालचं वॉशर तांब्याचं आहे की रबरी, तेवढंही कळवा. सहज विचारतोय.