दक्षिण अमेरिकेतील वन्यजीव म्हणजे केवळ अमेझॉन नव्हे

परदेश प्रवासाचे बेत ठरू लागले की समाजमाध्यमांवरील समूहांतून अमेझॉनविषयीचा एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा : अमेझॉनचे जंगल हे पृथ्वीचे फुफ्फुस असून जगातील २० टक्के प्राणवायू तेथून मिळतो, या जंगलाला माणसाचा हात लागलेला नाही, जंगल जितके घनदाट तितके प्राणी अधिक दिसतात, म्हणून जग्वार पाहायचा तर अमेझॉनच गाठावे, ब्राझीलचा उरलेला अंतर्भाग म्हणजे गुरे चारण्याचे उजाड माळ असून तेथे राखण्यासारखे काही नाही, आणि निसर्गपर्यटनाच्या प्रत्येक तिकिटामागे जंगलाचा एक तुकडा वाचतो. यांतील एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही. पहिली दोन लवकर हातावेगळी करता येतात. शेवटच्या दोहोंना मात्र अधिक जागा द्यावी लागेल, कारण त्यांच्या आधारे माणसे पैसे खर्च करतात आणि सरकारे कायदे करतात.

प्राणवायूचा आकडा ऑगस्ट २०१९ च्या आगींच्या वेळी फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनीही वापरला होता, त्यामुळे त्याला नको तितकी प्रतिष्ठा मिळाली. झाडे दिवसा प्रचंड प्राणवायू सोडतात हे खरे. परंतु त्यांचे स्वतःचे श्वसन आणि गळालेली पाने व पडलेले लाकूड कुजवणारे सूक्ष्मजीव, बुरशी व कीटक मिळून जवळपास तितकाच प्राणवायू वापरून टाकतात, आणि वर्षाअखेरीस शिल्लक शून्याच्या आसपास राहते. आज हवेत असलेला साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे. अमेझॉनचे खरे मोल त्याने साठवलेल्या कार्बनमध्ये आणि पावसात आहे : अटलांटिकवरून आलेले बाष्प हे जंगल पुनःपुन्हा हवेत सोडते आणि त्यातील काही भाग वाऱ्याबरोबर खंडाच्या दक्षिणेकडील प्रदेशांवर बरसतो. चुकीच्या आकड्याची गरजच नाही, इतके हे काम मोठे आहे.

माणसाचा हात न लागल्याची कल्पनाही अशीच सुखद आणि खोटी आहे. बोलिव्हियाच्या अमेझॉन भागातील मोखोस मैदानात, जेथे गवताळ माळ आणि जंगलाची बेटे एकमेकांत मिसळली आहेत, तेथे युरोपीय येण्यापूर्वीच्या कासाराबे संस्कृतीच्या वसाहती, बांधीव रस्ते आणि कालवे लायडर, म्हणजे हवेतून लेसर किरणांनी जमिनीची ठेवण मोजणाऱ्या, सर्वेक्षणातून दिसून आल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. इक्वाडोरच्या उपानो खोऱ्यातील त्याहून जुन्या नगरांचा शोध २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘अस्पर्श अरण्य’ म्हटले की आज तेथे राहणारी, शिकार व मासेमारीचे नियम स्वतः ठरवणारी माणसेही चित्रातून पुसली जातात. पर्यटकाचे यजमान तर तेच असतात.

घनदाट जंगलात प्राणी अधिक दिसतात, या विधानात प्रजातींची संख्या आणि प्राणी दिसण्याची शक्यता या दोन गोष्टींची गल्लत आहे. प्रजातींच्या संख्येत अमेझॉनची बरोबरी कोणी करू शकत नाही. पण पुराच्या पाण्यापासून दूर, उंच जमिनीवरच्या जंगलात नजर जेमतेम काही मीटर पोहोचते, मोठे सस्तन प्राणी विरळ असतात आणि जीवसृष्टीचा मोठा भाग डोक्यावर तीस-चाळीस मीटरवर नांदत असतो. पेरूतील मानू किंवा ताम्बोपाता येथे हमखास दिसणारी दृश्ये आठवून पाहावीत : मातीच्या कड्यांवर जमणारे मकाव पोपट, नदीने सोडलेल्या नालाकृती तळ्यांतील महाकाय पाणमांजरे, काठावरच्या झाडांतील माकडे. ही सर्व दृश्ये जंगल जेथे उघडे होते तेथली आहेत. जग्वारसाठी जगभरचे छायाचित्रकार जून ते ऑक्टोबरच्या कोरड्या महिन्यांत जातात ते ब्राझीलमधील पांतानालमध्ये, ट्रान्सपांतानेरा हा मातीचा रस्ता जेथे संपतो त्या पोर्तो जोफ्रेला. पांतानाल हा पुराने वर्षाकाठी भरणारा आणि ओसरणारा गवताळ प्रदेश आहे. पाणी ओसरले की कॅपिबारा हे मोठे कृंतक प्राणी आणि केमन मगरी नदीकाठी एकवटतात, त्यांच्या मागे जग्वार उघड्या काठावर येतो, आणि होडीतून तो भर दुपारीही दिसतो.

आता ‘उजाड माळ’. सेराडो हा ब्राझीलच्या मध्यभागी पसरलेला सुमारे २० लाख चौरस किलोमीटरचा सॅव्हाना प्रदेश आहे. येथे वनस्पतींच्या सुमारे १२,००० प्रजाती नोंदल्या गेल्या असून त्यांतील कित्येक हजार जगात अन्यत्र कोठेही नाहीत. जाड सालीची, वाकड्यातिकड्या फांद्यांची ही झाडे फार उंच होत नाहीत, कारण त्यांच्या वाढीचा मोठा हिस्सा जमिनीखाली खोल मुळांत जातो. आग आणि लांबलचक कोरडा ऋतू सोसण्याची ती रीत आहे. एमास राष्ट्रीय उद्यानातील वारुळांचे माळ महाकाय मुंगीखाऊला पोसतात, आणि पहिल्या पावसाच्या सुमारास त्याच वारुळांवर भुंगेऱ्यांच्या अळ्या रात्री हिरवट प्रकाशाने चमकतात. लांब पायांचा, तांबूस रंगाचा आयाळी लांडगा याच प्रदेशाचा रहिवासी असून तो सोलॅनम वंशातील, म्हणजे आपल्या वांग्याच्या नात्यातील, एक मोठे फळ आवडीने खातो आणि त्याच्या बिया पसरवतो. ब्राझीलने २०२० मध्ये काढलेल्या २०० रेआइसच्या नोटेवर त्याचे चित्र आहे. साओ फ्रान्सिस्को, तोकान्तिन्स आणि पाराना खोऱ्यातील अनेक नद्या याच पठारावर उगम पावतात.

हा प्रदेश जन्मतः उजाड नव्हता; तो उजाड ठरवला गेला. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या एम्ब्रापा या सरकारी कृषी संशोधन संस्थेने तेथील आम्लधर्मी जमिनीत चुना मिसळून सोयाबीन घेण्याचे तंत्र विकसित केले, आफ्रिकी गवते पेरून कुरणे तयार झाली, आणि आज मूळ सेराडोपैकी साधारण निम्मा उरला आहे. त्या कुरणांवर चरणारी पांढरी नेलोर गुरे आपल्या आंध्रातील ओंगोल जातीची वंशज आहेत, ही एक गमतीची जोड. ब्राझीलच्या २०१२ च्या वनसंहितेनुसार, कायद्याने आखलेल्या आणि सेराडोचाही काही भाग सामावणाऱ्या अमेझॉन विभागातील वनजमिनीच्या मालकाला ८० टक्के जमीन नैसर्गिक आच्छादनाखाली ठेवावी लागते. त्याच विभागात जमीन सेराडोची असेल तर ३५ टक्के, आणि विभागाबाहेर केवळ २० टक्के. फिरत्या मजकुरातील तुच्छता येथे कायद्यात उतरलेली दिसते. परिणाम असा की २०२३ च्या वार्षिक मोजणीत ब्राझीलच्या अवकाश संशोधन संस्थेला अमेझॉनमध्ये सुमारे ९ हजार चौरस किलोमीटर वनतोड आढळली, तर आकाराने निम्म्याहून लहान असलेल्या सेराडोत सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर मूळ आच्छादन नष्ट झाले. आपल्याकडेही गवताळ माळांची सरकारी नोंद पडीक जमीन म्हणून होत आली, आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून माळढोक जवळजवळ नाहीसा झाला. मराठी वाचकाला हा तर्क ओळखीचा वाटावा.

राहिला तिकिटाचा मुद्दा. तो पूर्णपणे खोटा नाही, म्हणूनच तो अधिक काळजीने तपासला पाहिजे. पेरूतील इन्फिएर्नो येथील एसे एखा समाजाने १९९६ मध्ये एका पर्यटन कंपनीशी वीस वर्षांचा करार केला : नफ्याचे ६० टक्के समाजाला, ४० टक्के कंपनीला, निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे. इक्वाडोरच्या यासुनी प्रदेशात अन्यांगू येथील किचवा समाज स्वतःच्या मालकीचे निवासस्थान चालवतो आणि त्याने आपल्या परिसरात शिकार सोडली आहे. या ठिकाणी तिकीट काहीतरी वाचवते, कारण ज्यांच्या निर्णयावर जंगल राहणार की जाणार हे ठरते त्यांच्याच हाती पैसा पोहोचतो.

पांतानालमध्ये ही साखळी तुटते. तेथील ९० टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे, मुख्यतः गुरांच्या मोठ्या मळ्यांची. जग्वार पर्यटनाविषयीच्या २०१७ मधील एका अभ्यासात त्या भागातील वार्षिक उत्पन्न सुमारे ६८ लाख डॉलर आढळले, आणि जग्वारांनी मारलेल्या गुरांचे नुकसान सुमारे १ लाख २० हजार डॉलर. हे आकडे जाहिरातींतून आवडीने उद्धृत होतात. मात्र उत्पन्न नदीकाठच्या निवासस्थानांना मिळते आणि वासरू गमावतो तो बहुधा पर्यटक कधीच न पाहणारा शेजारचा मालक. अभ्यासकांनी म्हणूनच पर्यटकांच्या ऐच्छिक देणग्यांतून भरपाईची कल्पना मांडली होती. जेथे मळा आणि पर्यटन एकाच मालकाचे आहे, उदाहरणार्थ मिरांदाजवळील कायमान मळा, तेथे गणित वेगळे होते : तेथे २०११ पासून ओन्साफारी प्रकल्पाने जग्वारांना वाहनांची सवय लावली, खाद्य न टाकता, आणि गुरे व जग्वार एकाच जमिनीवर राहिले.

खाद्याचा उल्लेख मुद्दाम केला. मांस टाकून जग्वार हमखास दाखवणे, पकडून आणलेला स्लॉथ पर्यटकाच्या गळ्यात घालून छायाचित्र काढू देणे, गुलाबी डॉल्फिनला हाताने मासे भरवणे, हे सर्व निसर्गपर्यटनाच्याच पाटीखाली चालते. अमेझॉनमधील अशा छायाचित्रांच्या धंद्यावर वर्ल्ड अ‍ॅनिमल प्रोटेक्शन या संस्थेने २०१७ मध्ये सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला होता. अशा ठिकाणचे तिकीट प्राणी पकडणाऱ्याला मजुरी देते.

आणि पर्यटन उत्तम चालले तरी त्याचा हात पोहोचत नाही अशी काही कारणे आहेत. २०२० च्या आगींत ब्राझीलमधील पांतानालचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग जळाला. त्या वर्षी आगीत थेट मेलेल्या पृष्ठवंशी प्राण्यांची संख्या अभ्यासकांनी सुमारे १ कोटी ७० लाख इतकी अंदाजली. पोर्तो जोफ्रेजवळचे, जग्वारांसाठी प्रसिद्ध असलेले राज्य उद्यानही त्यांतून सुटले नाही. ताक्वारी नदीची कथा आणखी जुनी आहे. ती सेराडोच्या पठारावरून पांतानालमध्ये उतरते. १९७० च्या दशकापासून पठारावर शेती व कुरणे वाढली, सुटलेली माती नदीत आली, पात्र गाळाने भरले, काठ फुटले आणि खाली हजारो चौरस किलोमीटर जमीन कायमची पाण्याखाली गेली. खालच्या मळ्यांनी पर्यटक आणले असते, नसते, तरी यात फरक पडला नसता. नांगर वरच्या पठारावर चालत होता, त्याच पठारावर जे फिरत्या मजकुरात राखण्यासारखे काही नसलेले उजाड माळ म्हणून येते.