आमदार नसला तर काय अडते?

"आमदार असला काय नि नसला काय, फरक काय पडते बे" असं म्हणणारे सगळे मला नागपूर शहरातच भेटतात. काटोल-नरखेडकडे (दोन्ही काटोल मतदारसंघातले तालुके) असं कोणी म्हणत नाही, कारण तिकडच्या लोकांनी आमदाराविना दिवस काढून पाहिलेत.

शहरातल्या मित्रांसाठी आधी थोडा भूगोल, कारण तुमची चर्चा दक्षिण-पश्चिम आणि मध्य नागपूरच्या पुढे जातच नाही. जिल्ह्यात विधानसभेच्या 12 सीटा आहेत, 6 शहरात आणि 6 बाहेर: काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी, रामटेक. त्यातल्या हिंगणा-कामठीला आता ग्रामीण म्हणायचं का हा वेगळा वाद आहे, जिकडे पाहाल तिकडे प्लॉटिंग. काटोल मात्र अस्सल. संत्रा, कापूस आणि देशमुख.

तर 2014 ला तिथे काका विरुद्ध पुतण्या अशी लढत झाली. अनिल देशमुख 1995 पासून निवडून येत होते, त्यांना आशिष देशमुखांनी भाजपच्या तिकिटावर पाडलं. आणि मग ऑक्टोबर 2018 मध्ये याच आशिषबाबूंनी स्वतःच्याच सरकारवर नाराज होऊन राजीनामा देऊन टाकला. झाली सीट रिकामी. आता गंमत पहा, त्याच महिन्याच्या शेवटी सरकारने राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यात काटोल पण होतं, नरखेड पण. म्हणजे ज्या वर्षी सगळ्यात जास्त बोंबलायची गरज होती नेमकं त्याच वर्षी बोंबलणारा माणूस विधानसभेत नाही. 2019 चा उन्हाळा आमच्या भागातले लोक अजून विसरले नाहीत, बोर आटले, ज्याच्याकडे पैसा होता त्याने टँकर लावून बाग जगवली, ज्याच्याकडे नव्हता त्याची उभी झाडं वाळली आणि शेवटी तोडून सरपणाला गेली. संत्र्याचं झाड म्हणजे पाच-सहा वर्षं लेकरासारखं वाढवा तेव्हा कुठे फळ हाती येते, ते गेलं की पुन्हा शून्यापासून. सोयाबीनसारखं पुढच्या जूनमध्ये पेरलं आणि झालं, असं नसते ते.

आता कोणी म्हणेल, आमदार असता तर पाऊस पडला असता का? नसता पडला बाप्पा. पण मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागते तो तारांकित प्रश्न आमदारच टाकतो, तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना आमदारच लावतो, तुम्ही-आम्ही कितीही निवेदनं दिली तरी ती तहसीलच्या फायलीत जाऊन बसतात. आणि सभागृहाच्या बाहेरचं काम तर त्याहून मोठं आहे. गावात डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की आधी लाइनमनला फोन, मग जेईला म्हणजे ज्युनियर इंजिनियरला, आणि तरी नाही झालं तर आमदाराच्या पीएला. पेशंट नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात आणायचा असला तरी अर्धे लोक आधी आमदाराच्या ऑफिसात फोन करतात, कोणीतरी तिथे बेड पाहून दे म्हणून. हे असं असायला नको, मान्य आहे, डीपी बदलायला आमदार कशाला लागतो! पण आहे हे असं आहे. गावच्या माणसासाठी आमदार म्हणजे कायदे करणारा नाही, अडलेलं काम पुढे ढकलणारा माणूस आहे. आणि काम नाहीच झालं तर निदान शिव्या घालायला एक चेहरा असतो, तोही नाही म्हटल्यावर माणसाने कुठं जावं?

पोटनिवडणूक लागली होती, नाही असं नाही. लोकसभेसोबत 11 एप्रिल 2019 ची तारीख पण आली. मग प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेलं आणि निवडणूक रद्द झाली. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 151-अ म्हणते की सीट रिकामी झाली की सहा महिन्यांत निवडणूक घ्या, पण मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल तर नका घेऊ. राजीनाम्याच्या दिवसापासून मोजलं तर वर्षाहून थोडी जास्त मुदत होती, पोटनिवडणुकीच्या निकालाच्या दिवसापासून मोजलं तर कमी. कोर्टाने दुसरं गणित धरलं. काटोलला आमदार मिळाला तो एकदम ऑक्टोबर 2019 ला, म्हणजे परत अनिलबाबू.

ते गृहमंत्री झाले, एप्रिल 2021 मध्ये मंत्रिपद गेलं, नोव्हेंबर 2021 मध्ये ईडीने अटक केली आणि डिसेंबर 2022 च्या शेवटी जामिनावर बाहेर आले. केस खरी की राजकीय, त्यात मी पडत नाही, ते कोर्ट पाहील. मी काटोलच्या मतदाराच्या बाजूने हिशेब करतोय. जून 2022 च्या राज्यसभा निवडणुकीत एकेका मतासाठी हॉटेलं बुक झाली होती, तेव्हाही आमच्या आमदाराला मतदानाची परवानगी नाही मिळाली. चार-साडेचार वर्षांच्या काळात दोनेक वर्षं खुर्ची एकतर रिकामी किंवा आमदार आत.

आणि हे फक्त काटोलचं नाही. डिसेंबर 2023 चं नागपूरचं हिवाळी अधिवेशन आटोपलं आणि दोनच दिवसांत जिल्हा बँक घोटाळ्यात सुनील केदारांना शिक्षा झाली, सावनेरची सीट गेली. मार्च 2024 मध्ये राजू पारवे काँग्रेस सोडून शिंदेसेनेत गेले, रामटेक लोकसभा लढले (आणि हरले), उमरेडची सीट गेली. दोन्हीकडे मुदत वर्षाच्या आत, त्यामुळे पोटनिवडणूक नाही. लाडक्या बहिणीचं बजेट मांडलं तेव्हा ग्रामीणच्या सहापैकी दोन मतदारसंघांना सभागृहात आमदारच नव्हता. एका ओळीची बातमी सुद्धा दिसली नाही मला. नागपूर मनपात मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं नगरसेवक नव्हते तेव्हा हेच शहरवाले गटाराच्या झाकणासाठी कोणाला फोन करू म्हणून रडत होते, ते चालते.

2024 च्या निकालात तर कळसच. काटोलची खुर्ची सोडून गेलेले आशिष देशमुख सावनेरच्या रिकाम्या खुर्चीवर निवडून आले, आणि काटोलात चरणसिंग ठाकूर. लोकांनी मत दिलं, लोकांचा अधिकार, माझी तक्रार नाही.

तक्रार त्या एक वर्षाच्या सवलतीवर आहे. आमदार वारला, ठीक, कोणाच्या हातात नसते. शिक्षा होऊन गेला, तेही समजू शकतो. पण स्वतःच्या सोयीने राजीनामा देऊन दुसरीकडे उडी मारणाऱ्यालाही तोच नियम कशाला? अशा वेळी मुदत दहा महिने उरली असो की आठ, निवडणूक घ्याच, आणि खर्च ज्याने सोडली त्याच्याकडून वसूल करा. हे वाचणाऱ्यांत वकील बरेच आहेत, हे कायद्यात बसवता येते का ते जरा सांगा, "घटनेत बदल लागेल" एवढं म्हणून पळू नका, कोणत्या कलमात काय बदलावं लागेल तेही लिहा.