लोमूची किडनी करिअर संपल्यावर गेली नव्हती

"जोना लोमू म्हणजे नुसतं धिप्पाड अंग. समोरच्यांना तुडवत गेला, दक्षिण आफ्रिकेपुढे एकही ट्राय जमला नाही, आणि करिअर संपल्यावर किडनी गेली." खाली इंग्लंडच्या माइक कॅटला तुडवून जाणाऱ्या लोमूचा फोटो. न्यूझीलंडच्या या रग्बीपटूबद्दलचा हा मजकूर मला तीन ग्रुपवर आला. (ट्राय म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं.) यातलं मधलं खरं आहे. बाकी दोन्ही चूक.

किडनीपासून सुरुवात करतो, कारण राग त्याचाच जास्त आला. १९९५ चा वर्ल्डकप गाजवल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस लोमूला नेफ्रोटिक सिंड्रोम असल्याचं निदान झालं. वय २०. यात लघवीवाटे प्रथिनं जात राहतात, अंगावर सूज चढते, थकवा पाठ सोडत नाही. माझ्या बाबांना हाच आजार आहे. त्यांच्या घोट्याजवळ अंगठा दाबला की पडलेला खळगा चहा उकळेपर्यंत तसाच दिसतो. दुसऱ्या मजल्यावरच्या घरी येताना ते दोनदा कठड्याला धरून उभे राहतात.

हा आजार घेऊन लोमू १९९८ मध्ये क्वालालंपूरला राष्ट्रकुल स्पर्धेत सेव्हन्सचं, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीचं, सुवर्ण जिंकणाऱ्या संघात खेळला. १९९९ च्या वर्ल्डकपमध्ये त्याने ८ ट्राय केले. १९९५ चे ७ धरून १५, आणि त्या आकड्याची बरोबरी करायला दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानाला २०१५ उजाडावं लागलं. पहिली टेस्ट, म्हणजे देशाकडून खेळलेला सामना, जून १९९४ ची, शेवटची नोव्हेंबर २००२ ची. एकूण ६३ टेस्ट, ३७ ट्राय. या साडेआठ वर्षांतली जवळपास सात वर्षं निदानानंतरची आहेत.

आता 'नुसतं अंग'. उंची सहा फूट पाच इंच, वजन १२० किलोच्या आसपास, हे कोण नाकारतंय? पण फोटोतला तो ट्राय आधीपासून बघा. १९९५ चा वर्ल्डकप, केपटाउन, इंग्लंडविरुद्धची सेमीफायनल, खेळ नुकताच सुरू झालेला. पास त्याच्या मागे पडतो. तो वळतो, चेंडू उचलतो, टोनी अंडरवुडला बाहेरून मागे टाकतो. इंग्लंडचाच विल कार्लिंग मागून पायाला हात लावतो, लोमू अडखळतो, तोल जातोय असं वाटतं, आणि तेव्हा कुठे कॅट समोर येतो. तुडवणं शेवटच्या क्षणाचं. त्याआधीचं सगळं वेग आणि पायांचं काम. त्या दिवशी त्याने चार ट्राय केले.

तेही पुरेसं नसेल तर जुलै २००० चा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सिडनीचा सामना बघा. १,०९,८७४ प्रेक्षक, अगदी शेवटची मिनिटं, न्यूझीलंड मागे. डावीकडच्या रेषेला खेटून, पाऊलभर जागेतून तो निसटला आणि सामना ३९-३५ असा फिरवला. इथे कुणालाच तुडवलेलं नाही.

दक्षिण आफ्रिकेविरुद्ध टेस्टमध्ये ट्राय नाही, हे मान्य. श्रेय त्यांच्या बचावाला. पण १९९५ च्या फायनलमध्ये दोन्ही संघांपैकी कुणाचाच ट्राय झाला नाही, १५-१२ हा निकाल जादा वेळेत ड्रॉप गोलवर, म्हणजे चेंडू जमिनीवर टाकून उसळताना मारलेल्या किकवर, लागला, हेही सांगायला हवं होतं.

२००३ मध्ये डायलिसिस सुरू झालं. पायांच्या नसा इतक्या बिघडल्या होत्या की चालणंही कठीण होतं. २००४ मध्ये वेलिंग्टनच्या रेडिओ निवेदक ग्रँट केरेआमाने त्याला स्वतःची एक किडनी दिली. आणि वेल्समधल्या ज्या कार्डिफमध्ये लोमू शेवटची टेस्ट खेळला होता, तिथल्याच कार्डिफ ब्लूज या क्लबकडून २००५ मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला.